मे महिन्यातल्या तीन वाट्या

१९८३ च्या मे महिन्यात, एका गुरुवारी, पूर्व उपनगरांतल्या काही भागांत दुपारी वाटलेलं दूध घरोघरी उकळायला ठेवल्यावर फाटलं. कुणाला बाधा झाली नाही. ज्या दूधशाळेतून ते गेलं होतं, तिथे बाहेरून आलेलं कच्चं दूध तपासून आत घेण्याचं काम माझ्या आईच्या देखरेखीखाली चाले. त्या सकाळचं दूध तिने स्वतः पास केलं होतं.

यंदाही मे आला आहे. मुलुंडच्या माझ्या स्वयंपाकघरात मी दुधाची पिशवी कापते आणि कापलेला कोपरा आधी नाकाशी नेते. पिशवीवर तारीख छापलेली असते, फ्रिज नीट चालतो, वास घेण्याची काही गरज नसते. बाकीचे अकरा महिने मी तो घेत नाही.

दुधाचं वर्ष पंचांगाप्रमाणे चालत नाही. दिवाळीच्या आसपास ते भरात येतं आणि होळीनंतर उतरू लागतं. मे महिन्यात चारा नसतो, म्हशी आटतात, मुंबईला लागणारं दूध लांबून लांबून गोळा करावं लागतं. ते घाटावरून ट्रकमधून येई, पत्र्याच्या डब्यांत, ओलं गोणपाट अंगावर घेऊन. सरकारी कागदांत या दिवसांना कृश काळ म्हणत. आई त्यांना ओढीचे दिवस म्हणायची. ओढीच्या दिवसांत प्रत्येक कॅन हवा असतो आणि प्रत्येक कॅनची भीतीही असते, असं ती म्हणे.

आईचं नाव सुलोचना परब. दूधशाळेत सगळे तिला परबबाई म्हणत. मॅट्रिक झाल्यावर ती तिथे बाटल्या तपासायला लागली. धुतलेल्या काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून दिव्यासमोरून जात आणि कडा फुटलेली किंवा आत काही चिकटलेली बाटली उचलून बाजूला काढायची, एवढंच काम. तिथून ती प्रयोगशाळेत गेली आणि प्रयोगशाळेतून डॉकवर. डॉक म्हणजे ट्रकमधून दूध उतरवायचा ओटा. तिथे तोवर बाई उभी राहिलेली नव्हती. तिथलं मुख्य काम नाकाचं होतं. कॅनचं झाकण उचलायचं, ते उलटं करून नाकाशी न्यायचं आणि दोन क्षणांत सांगायचं, आत की बाजूला. बाजूला काढलेल्या कॅनमधलं दूध नळीत घेऊन उकळून पाहत. पास झालेला कॅन थेट मोठ्या हौदात ओतला जाई. एकदा ओतलं की ते परत वेगळं काढता येत नसे.

"नाक काय सांगतं त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही," ती नवीन लोकांना सांगायची. "नाक काही सांगतंय का, एवढंच बघायचं. बोललं की कॅन बाजूला. गप्प राहिलं की पास."

आमचं घर या नाकाभोवती चाले. घाटकोपरला भटवाडीत आमच्या दोन खोल्या होत्या. उदबत्ती लागत नसे. आई गजरा माळत नसे, खोबरेल तेलही बिनवासाचं आणायची. मासे फक्त शनिवारी दुपारी व्हायचे, ती कामावरून आल्यावर, कारण मध्ये रविवारची सुट्टी असे आणि सोमवारपर्यंत नाक स्वच्छ होई. सुकट आमच्या घरात भाजली गेली नाही. बाबा विडी ओढायला गॅलरीच्या टोकाला जात, आणि परत येताना चूळ भरून, हात धुऊन येत. आमच्याकडे माहुलची एक कोळीण मासे घेऊन यायची. आठवड्यातून एकच दिवस घेतो म्हणून ती टोपली खाली ठेवतच टोमणा मारायची.

"तुमी मालवनी ना गो? मंग बुदवारचे काय गवत खाता?"

बाबा आतून म्हणायचे, "नाकाक नैवेद्य असा आमच्याकडे, गो. नाक सोवळ्यात."

त्या कोळणीची मुलगी मंदा. आईसोबत टोपली घेऊन यायची, मॅट्रिक होऊन घरी बसली होती. एका शनिवारी माझ्या आईने तिला तोंड फिरवून उभं केलं आणि एकेक पापलेट तिच्या खांद्यावरून पुढे धरलं. "ताजं. ताजं. हे काल दुपारचं, आये, हे टोपलीत कशाला घेतलंस?" मंदा म्हणाली. तिची आई चिडली, माझी आई हसली. दोन महिन्यांनी मंदा दूधशाळेत लागली. साहेबलोकांत त्यावरून बरंच बोलणं झालं. मासळीबाजारातलं नाक दुधाला चालेल का, असं एकाने मिटिंगमध्ये विचारलं. आईने उत्तर दिलं, "ताजं आणि शिळं ओळखणारं नाक आहे ते. आत काय आहे याच्याशी त्याला काय करायचंय?" आठवड्याभराने मंदा डॉकवर गेली. तिच्यामागून आणखी पाच जणी गेल्या. त्या सगळ्यांना आईने तयार केलं.

मलाही केलं होतं, पण खेळ म्हणून. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून सकाळी कधीतरी ओट्यावर तीन वाट्या मांडलेल्या असत. तिन्हींत दूध असे. "सांग गं, कुठली?" आई विचारायची. एखादीत चाऱ्याचा उग्र वास असे, एखादीत गंजक्या कॅनचा. एखादीत आंबटपणाची नुसती सुरुवात असे, आणि ती ओळखणं सगळ्यांत कठीण. बरोबर सांगितलं तर ती वाटी उचलून विसळायला घेई. चुकलं तर म्हणे, "परत घे. घाई कोणाला आहे?" वाटीत काय आहे ते तिला आधीच माहीत असे. मी तेवीस वर्षांची होऊन एका मराठी दैनिकात उपसंपादक झाले तरी वाट्या येत राहिल्या. घरातली ती सवयच होती.

१९८३ चा मे आमच्या घरात आणखी एका कारणाने वेगळा होता. बाबांची गिरणी संपात बंद होती. वर्ष उलटून गेलं होतं. बाबा घरी असत, भाजी निवडत, माठ भरत, आणि कुणी विचारलं तर म्हणत, "आमचां घर आता परबबाईच्या नाकावर चालता." हे ते हसून म्हणत, पण ते शब्दशः खरं होतं. त्याच जूनपासून आई दूधशाळेची व्यवस्थापक होणार होती. आदेश टाईप होऊन सहीसाठी वर गेला होता. त्या जागेवर तोवर बाई आलेली नव्हती. आईने यासाठी एक नवी साडी घेतली, निळी, बारीक काठाची, आणि कपाटात सगळ्यांत खाली ठेवली.

त्या वर्षी जानेवारीत तिला फ्लू झाला होता. आठ दिवस घरी होती, मग कामावर गेली. नंतर घडलेल्या तीन गोष्टी मला आठवतात. त्या एका ओळीत मांडायला मला फार उशीर झाला.

मार्चमध्ये एका रविवारी दूध पातेल्याला लागलं. करपल्याचा वास गॅलरीपर्यंत आला. शेजारच्या बाई डोकावल्या. आई ओट्याशेजारीच तांदूळ निवडत बसली होती. "सर्दी आहे," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने मला मोगऱ्याचा गजरा दिला. मी विसरून तो तसाच माळून घरी आले आणि आईच्या शेजारी बसून जेवले. ती काही बोलली नाही.

तिसरी गोष्ट बाबांनी पाहिली होती आणि ती त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. मेच्या सुरुवातीला ते पेटती विडी हातात घेऊन चुकून घरात आले. आई पाठमोरी होती. ते दारातच थबकले, बोलणी खाण्याच्या तयारीत. आई भाकरी थापत राहिली. बाबा तसेच उभे राहिले, विडी संपेपर्यंत. "माका तेवाच कळलां, बाय," ते मला म्हणाले. "पण तिका कोण सांगतलो?"

तिला माहीत होतं का? मला वाटतं, शंका होती. शंकेवर करायचं काय, याचा नियम तिनेच बनवला होता. वाद घालायचा नाही, उकळून बघायचं. पण नाक उकळून बघता येत नाही. त्यासाठी तिला दुसरं नाक हवं होतं, आणि दूधशाळेतल्या कुणाला विचारणं म्हणजे जूनच्या आधी सगळ्यांना सांगणं होतं. म्हणून तिने घरात विचारलं.

त्या गुरुवारी सकाळी सहाच्या सुमारास ओट्यावर तीन वाट्या होत्या. आदल्या दिवशी डॉकवरून तिने तीन बाटल्यांत नमुने घेतले होते आणि थर्मासमध्ये बर्फात ठेवून घरी आणले होते. तिला स्वतःला तिन्हींत काही जाणवलं नव्हतं. तिची ड्युटी सातची होती. साडी नेसून, पिशवी खांद्याला लावून ती उभी होती.

मी खाटेवर बसून पेपर वाचत होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या नावाने बातमी छापून आली होती. संपातल्या गिरणी कामगारांच्या बायका काय कामं करतात यावर ती होती. मी ती तिसऱ्यांदा वाचत होते. एका बाईचं वय चुकलं आहे का, एवढंच बघत होते.

"ये गं जरा," आई म्हणाली. "सांग, कुठली?"

"आई, थांब ना."

"दोन मिनिटं. यातलं एखादं उतरलं असेल, नसेल. मलाही ठाऊक नाही, म्हणून विचारते."

हे वाक्य मी ऐकलं. सोळा वर्षांत तिने ते पहिल्यांदा म्हटलं होतं, हेही माझ्या कानांनी नोंदलं असणार, कारण ते मला आजही जसंच्या तसं सांगता येतं. मी उठले. ओट्यापाशी गेले. पेपर हातात होता. मी वाट्यांवर वाकले आणि त्या बाईचं वय दुसऱ्या परिच्छेदात पस्तीस आणि शेवटी छत्तीस पडलंय का, ते डोक्यात जुळवत राहिले.

"सगळ्या ताज्या," मी म्हणाले.

"नक्की?"

"हो गं. ताज्याच आहेत."

"मग ठीक," आई म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला. मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. ती बाबांकडे वळून म्हणाली, "तिन्ही एकत्र करा आणि विरजण लावा. फुकट जायला नको." आणि जिना उतरून गेली.

मी वास घेतला नव्हता.

पुढचं मला मंदाने सांगितलं आहे. त्या सकाळी घाटात ट्रक अडकून पडला होता, तो आठनंतर आला. ऊन चढलं होतं, गोणपाटं वाळून कडक झाली होती. आईने स्वतः झाकणं उचलली. शेवटच्या रांगेतल्या कॅनपाशी मंदा थांबली.

"बाई, हे जरा उकळून बघूया का?"

आईने झाकण पुन्हा नाकाशी नेलं. एरवीपेक्षा जास्त वेळ, मंदा म्हणाली. मग आई म्हणाली, "काही नाही गं. चांगलं आहे."

"मला वाटतंय जरा."

"मंदा, मी आज खात्री करून आले आहे."

मंदाला ते वाक्य कळलं नाही. बाईंच्या पुढे बोलायची पद्धत नव्हती. कॅन हौदात गेले. हौदाचा नमुना काठावर पास झाला. दूध तापवून, थंड करून, बाटल्यांत भरून दुपारी केंद्रांवर गेलं.

पाचनंतर आमच्या ऑफिसातले फोन वाजू लागले. भांडुपहून, मुलुंडहून, विक्रोळीहून. चहा टाकला आणि दूध फाटलं. लेकरासाठी तापवलं आणि फाटलं. आमचे वृत्तसंपादक हातात पेन्सिल घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"तुझी आई तिथेच ना गं? लाव फोन. चार ओळी हव्यात, पण पक्क्या."

मी फोन लावला. आईच आली. घरात ती असं बोलत नसे. तो तिचा डॉकवरचा आवाज होता.

"कोण बोलतंय?"

"मी आहे, आई. पेपरमधून बोलतेय."

"बरं. मग लिहून घे. दूध वासावरून पास केलं होतं. उकळून पाहिलं नव्हतं. पास करणारी मी. हाताखालच्या माणसाने शंका काढली होती, ती मी ऐकली नाही. झालं लिहून?"

"हो."

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं.

"नाव घालायचं तर घाल," ती म्हणाली. "कसं लिहायचं ते तुला माहीत आहे."

वृत्तसंपादकांनी नाव काढलं. दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर चार ओळी आल्या. त्यांत चूक नव्हती.

चौकशी झाली, छोटीशी. सकाळी खात्री करून आले होते, असं ती मंदाला म्हणाली होती. ती खात्री कसली, हे मंदाला विचारण्यात आलं आणि तिने सांगितलं, मला माहीत नाही. आईला विचारलं तेव्हा तिने लिहून दिलं, की जानेवारीपासून आपल्याला वास येत नसावा असं तिला वाटत होतं, ते तिने कळवलं नाही, आणि ही चूक सर्वस्वी तिची आहे. वाट्यांबद्दल त्या कागदावर काही नाही. मी तो कागद नंतर पाहिला आहे. माझा त्यात उल्लेख नाही.

तो टाईप झालेला आदेश सही न होता परत आला. डॉक मंदाकडे गेलं. आईने स्वतःहून बाटल्यांचा विभाग मागून घेतला, जिथून ती लागली होती. दिव्यासमोरून बाटल्या जात आणि ती पाहत उभी राही. नवीन येणाऱ्या लोकांना शिकवायला मात्र तिलाच बोलावत. मंदा सांगते, की शिकवताना ती झाकण उचलून आधी स्वतःच्या नाकाशी नेई, मग पुढच्याच्या. वास येत नव्हता तरी नेई. "सवय हो, दुसरं काय," मंदा म्हणाली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि विषय बदलला.

घरात मात्र सगळं सैल झालं. बाबा तेवढे विडी ओढायला गॅलरीच्या टोकालाच जात राहिले. माहुलची कोळीण बुधवारीही येऊ लागली आणि टोमणे मारायची थांबली. एका सकाळी शेजारणीने न विचारता मोठा गजरा आणून आईच्या केसांत माळला. आईने आरशात पाहिलं, "छान दिसतो," म्हणाली आणि दिवसभर ठेवला. निळी साडी कपाटात खालीच राहिली. वाट्या पुन्हा ओट्यावर आल्या नाहीत.

मी या मे महिन्याकडे पुष्कळदा बातमीसारखं पाहिलं आहे. काय नक्की माहीत आहे, कुणी सांगितलं, पुरावा काय. त्या तीन वाट्यांपैकी एखादीतलं दूध उतरलं होतं का, हे आता कळायला मार्ग नाही. बाबांनी विरजण लावलं होतं, संध्याकाळी त्याचं दही झालं होतं. तिन्ही ताज्या असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर माझं उत्तर बरोबर होतं. मी त्या शक्यतेपाशी अनेक वर्षं घालवली आहेत. आणि एखादी उतरलेली असती आणि मी ती सांगितली असती, तर आईला त्याच क्षणी कळलं असतं, की आपल्याला ती ओळखता आली नाही. ती डॉकवर जाऊन मंदाला म्हणाली असती, आज तू घे. बाकीचं मंदाने केलं असतं. मंदाला तर कळलंच होतं.

आई १९८९ साली निवृत्त झाली, तीही मे महिन्यातच. निरोपाचा कार्यक्रम बाटल्यांच्या विभागात झाला. खुर्च्या मांडल्या, सरबत दिलं. मंदा बोलायला उभी राहिली आणि दोन वाक्यांनंतर बसली. आईने तयार केलेल्या सगळ्याजणी पहिल्या रांगेत होत्या. त्यांतल्या एकीच्याही केसांत गजरा नव्हता. कार्यक्रम संपल्यावर त्या तशाच ड्युटीवर गेल्या.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. आई खाटेवर बसली, निशिगंधाचा हार मांडीवर घेऊन. बाबा चहा टाकायला उठले.

"वास आहे का गं याला अजून?" तिने विचारलं. "की गेला?"

मी हार उचलून नाकाशी नेला. नीट वास घेतला. "आहे," मी म्हणाले.

"चांगला?"

"चांगला आहे."

तिने हार परत घेतला आणि त्याचा दोरा सरळ करत बसली. मग वर न पाहता म्हणाली, "त्या दिवशी वाट्यांचा वास घेतला होतास ना गं तू?"

सहा वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं. आत पातेल्यात पाणी उकळत होतं.

"हो," मी म्हणाले.

"तिन्हींचा?"

"हो, आई."

तिने मान हलवली. "मग वाट्यांत तुलाही काही आलं नाही आणि मलाही नाही," ती म्हणाली. "म्हणजे तेव्हा थोडाफार वास येत असणार मला. अगदीच गेलं नसणार." मग तिने हार खिडकीच्या गजाला अडकवला आणि बाबांना म्हणाली, "साखर कमी घाला हो."

आई त्यानंतर चौदा वर्षं होती. तिने पुन्हा विचारलं नाही. मी सांगितलं नाही.